व्हॅन हेलनचा पहिला अल्बम : एका गिटारचा आवाज नेमका कसा बनला

हेडफोन लावून 'रनिंग विथ द डेव्हिल' सुरू करा आणि उजवा कान मोकळा ठेवा. डाव्या कानात गिटार कोरडी आणि अगदी जवळून ऐकू येते, तारेवर पिक घासल्याचा खरखरीत आवाजसुद्धा कळतो. आता डावा कान मोकळा करून उजव्याने ऐका. तीच गिटार लांबून, एखाद्या मोठ्या रिकाम्या खोलीतून आल्यासारखी वाटते. मूळ वाजवणं तिथे जवळपास नाहीच, आहे तो त्याचा घुमारा. ड्रम, बास आणि गायक मधोमध. वॉर्नर ब्रदर्सने १० फेब्रुवारी १९७८ रोजी काढलेल्या 'व्हॅन हेलन' या, त्याच नावाच्या अमेरिकन रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचं अर्धं गणित या साध्या प्रयोगात समजतं.

हा आवाज आपल्या गिटारमधून काढायचा प्रयत्न जगभरचे वादक गेली चार दशकं करत आहेत, आणि बहुतेकांचं चुकतं ते एकाच दिशेने. ते वाढवत जातात. जास्त डिस्टॉर्शन (म्हणजे आवाज मुद्दाम फाडणं), डावीकडे-उजवीकडे दोन-दोन गिटार, वर आणखी एक पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाखालची पेटी. या अल्बमची रीत बरोबर उलटी आहे. गिटारवर एकच पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग), एकच बटण, बहुतेक गाण्यांत एकच गिटार, आणि चौघांनी एकत्र वाजवलेला टेक. जे काढून टाकलं त्याच्या जागी मोकळी हवा आली, आणि त्या हवेमुळेच हा अल्बम इतका मोठा वाटतो. पुढचं सगळं लिखाण या एका मुद्द्याभोवती आहे.

बँडची ओळख थोडक्यात. एडी आणि अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन हे भाऊ नेदरलँड्समध्ये जन्मले. वडील यान सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवणारे व्यावसायिक वादक, आई इंडोनेशियन-डच. १९६२ मध्ये कुटुंब अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला आलं. दोघेही लहानपणी पियानो शिकले. पुढे एडीकडे गिटार आली, अ‍ॅलेक्सकडे ड्रम, बासवर मायकेल अँथनी आणि गायला डेव्हिड ली रॉथ. पॅसाडिनातल्या घरांच्या मागच्या अंगणातल्या पार्ट्या आणि हॉलिवूडमधला गॅझारीज क्लब इथे त्यांनी अनेक वर्षं रात्री-रात्री वाजवलं. हे महत्त्वाचं आहे, कारण स्टुडिओत गेल्यावर त्यांना गाणी बसवायची नव्हतीच, ती आधीच हाडात मुरलेली होती.

१९७६ मध्ये 'किस' या रॉक बँडच्या जीन सिमन्सने त्यांचा एक डेमो करून घेतला. त्यात गिटारवर गिटार चढवून, म्हणजे ओव्हरडब करून, काम झालं आणि एडीला ती पद्धत रुचली नाही. त्या डेमोतून करार मिळाला नाही. १९७७ मध्ये वॉर्नरचे टेड टेम्पलमन आणि कंपनीचे प्रमुख मो ऑस्टिन यांनी त्यांना हॉलिवूडच्या स्टारवुड क्लबमध्ये ऐकलं आणि करार झाला. टेम्पलमनने निर्माता म्हणून घेतलेला निर्णय आज साधा वाटतो, पण त्या काळी तसा नव्हता : क्लबमध्ये जे ऐकू येतं तेच टेपवर आणायचं. इंजिनिअर डॉन लँडी. याच जोडीने १९७३ मध्ये 'मॉन्ट्रोज'चा पहिला अल्बम केला होता. तो आधी ऐकलात तर 'व्हॅन हेलन' कुठून आला हे कानाला लगेच पटेल.

हॉलिवूडच्या सनसेट साऊंड स्टुडिओत साधारण तीन आठवड्यांत काम संपलं. वाद्यं एकत्र वाजवून घेतली, टेक फार झाले नाहीत. दुसरी गिटार फक्त जिथे गरज होती तिथे आली. 'एंट टॉकिंग बाऊट लव्ह'च्या सोलोमागे नीट ऐका, तेच सूर एक झिणझिणता आवाज सोबत धरतो. ती इलेक्ट्रिक सितार आहे, म्हणजे घोडीमुळे तार किंचित थरथरावी अशी बनवलेली गिटार. या अल्बमवर असे जादा थर मोजकेच आहेत आणि प्रत्येकाला कारण आहे.

आता गिटार.

एडीला गिब्सनचा जाड आवाज हवा होता आणि फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा व्हायब्रेटो दांडा, जो दाबला की सूर खाली जातो. दोन्ही एकत्र देणारी गिटार बाजारात मनासारखी नव्हती. म्हणून त्याने बूगी बॉडीजची एक दुय्यम प्रतीची अ‍ॅश लाकडाची बॉडी ५० डॉलरला आणि मेपलचा नेक ८० डॉलरला घेतला, आणि गिब्सन ईएस-३३५ मधून काढलेला हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) पिकअप घोडीजवळ बसवला. खाच त्याने स्वतःच कोरून मोठी केली. वायरिंग पिकअपपासून एका व्हॉल्यूमच्या बटणाला आणि तिथून थेट जॅकला. टोन कंट्रोल नाही, सिलेक्टर नाही. त्या एकमेव बटणावर मात्र 'टोन' असं छापलेलं होतं. अल्बमच्या वेळी ही गिटार काळी-पांढरी होती. लाल रंग नंतर चढला.

पिकअप तिरका का, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न. जुन्या गिब्सन हंबकरच्या टोकाच्या दोन खिळ्यांमधलं अंतर सुमारे ४९ मिलिमीटर असतं. जुन्या स्ट्रॅटच्या घोडीवर मात्र पहिली ते सहावी तार सुमारे ५६ मिलिमीटर पसरलेल्या असतात. पिकअप सरळ बसवला तर बाहेरच्या तारा खिळ्यांच्या बाहेर जातात आणि त्यांचा आवाज कमजोर येतो. तिरका केल्याने सगळ्या तारा खिळ्यांच्या जवळ येतात. आज अशी गिटार बांधणाऱ्याने रुंद अंतराचा पिकअप घ्यावा आणि सरळ बसवावा, काम भागतं. दिसायला तसंच हवं असेल तर तिरका बसवा, फक्त बॉडीत खाच मारण्याआधी तारा ताणून, त्यांच्या रेषा पेन्सिलने आखून घ्या.

जुन्या पिकअपचं दुसरं दुखणं म्हणजे शिट्टी. मोठ्या आवाजात पिकअपच्या आतली सैल गुंडाळलेली तांब्याची तार स्वतःच थरथरते, ती थरथर अ‍ॅम्पमधून बाहेर येऊन पुन्हा पिकअपला हलवते आणि कर्कश फीडबॅक सुरू होतो. एडीने उपाय म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला, आणि जमेपर्यंत काही पिकअप वायाही घालवले. वाया जातात ते उष्णतेने. बॉबिनचं प्लॅस्टिक वाकतं आणि आतली तार तुटते. घरी करायचं असेल तर चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचं मेण घ्या, नुसतं पॅराफिन थंड झाल्यावर तडकतं. भांडं थेट आचेवर कधीही ठेवू नका, पॅराफिनची वाफ पेट घेते. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून, थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंश सेल्सिअस राखा. पिकअप वायरने धरून आत सोडा. बुडबुडे येणं थांबलं की आतली हवा निघाली. त्याला दहा ते वीस मिनिटं लागतात. बाहेर काढून वरचं मेण पुसा आणि पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नका.

व्हायब्रेटो दांड्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे, की हा अल्बम फ्लॉइड रोझच्या लॉकिंग घोडीवर वाजवला. ती एडीच्या गिटारवर नंतर आली. इथे जुनीच फेंडर घोडी आहे, तारा कुठेही कुलूपबंद नाहीत. तरी 'इरप्शन'मध्ये दांडा इतका खाली जाऊनही गिटार सुरात परत येते. कशी?

सूर बिघडतो तो मुख्यतः नटमध्ये, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत. दांडा दाबला की तारेचा ताण कमी होतो आणि थोडी तार नटच्या खाचेतून खुंटीच्या बाजूला सरकते. दांडा सोडल्यावर ती तेवढीच परत यायला हवी. खाच अरुंद असेल किंवा तार तिथे कोनात वळत असेल तर ती अडकते आणि सूर चढा लागतो. तार बोटाने खेचून बेंड केल्यावर याच्या उलट होतं, सूर उतरलेला राहतो. एडीने पितळी नट वापरला, खाचा रुंद केल्या आणि त्यात शिवणयंत्राला घालतात तसलं पातळ तेल सोडलं. तारा खुंटीवर खालून वर गुंडाळल्या, म्हणजे नटपासून खुंटीपर्यंत तार जवळपास सरळ जाते आणि खाली दाबली जात नाही. तारा पातळ, ९ ते ४० च्या. त्या तो उकळूनही घेत असे, म्हणजे त्यांचा सुरुवातीचा ताण निघून जातो.

यात काय बिघडतं तेही सांगायला हवं. खालून वर गुंडाळलेली तार नटवर कमी दाबली जाते, त्यामुळे मोकळी तार जोरात छेडली की ती खाचेतून उडू शकते किंवा झणझणते. नट पुरेसा खोल हवा आणि हात बेताचा. उकळलेल्या तारा लगेच फडक्याने पुसून नीट कोरड्या केल्या नाहीत तर गुंडाळीच्या आत पाणी राहतं आणि त्या गंजतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हे दोन दिवसांत दिसतं. त्यापेक्षा नव्या तारा लावून प्रत्येक तार हाताने हळूच ओढायची, पुन्हा सुरात लावायची, असं चार-पाच वेळा करायचं. परिणाम तोच.

ज्या गाण्यांत दांड्याची गरज नव्हती त्यांतल्या काहींसाठी आयबानेझ डिस्ट्रॉयर ही दुसरी गिटार वापरली गेली. याचा पुरावा कानानेच घेता येतो. 'यू रियली गॉट मी'च्या सोलोत आवाज तुटक-तुटक होतो, मोर्स कोडसारखा. दोन पिकअपच्या गिटारवर एकाचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सिलेक्टर वेगाने खाली-वर केला की हे होतं. एका पिकअपच्या, सिलेक्टर नसलेल्या गिटारवर ते शक्यच नाही.

अ‍ॅम्प हा या अल्बमचा सर्वाधिक चर्चिलेला आणि सर्वाधिक धोकादायक भाग. एडीचा अ‍ॅम्प १०० वॅटचा मार्शल सुपर लीड, साठच्या दशकातला. त्यात मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे फाटलेपणा तसाच ठेवून आवाज कमी करणारं बटण, नाही. शेवटच्या ईएल-३४ व्हॉल्व्हना (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांना) पूर्ण ताणल्याशिवाय तो गोड फाटत नाही, आणि तेवढं ताणलं की खोलीत थांबता येत नाही. एडी सगळी बटणं दहावर ठेवत असे. आवाज आटोक्यात आणण्याचा उपाय त्याला अपघाताने सापडला. ब्रिटिश व्होल्टेजचा एक मार्शल त्याने अमेरिकन प्लगला लावला, तर तो अगदी हळू, पण पूर्ण उघडल्यासारखाच वाजला. तिथून तो व्हेरिअ‍ॅकपर्यंत पोचला. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत ज्याला डिमरस्टॅट म्हणतात तेच ते यंत्र. त्यावर त्याने अ‍ॅम्पला सुमारे ८९ व्होल्ट दिले.

सुरुवातीच्या मुलाखतींत मात्र आपण व्होल्टेज वाढवतो असं त्याने सांगितलं होतं. ते वाचून ज्यांनी तसं केलं त्यांचे अ‍ॅम्प जळले. जास्त व्होल्टेजवर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, फिल्टर कपॅसिटर त्यांच्या मर्यादेपलीकडे जातात आणि ट्रान्सफॉर्मर जातो. ही चुकीची माहिती अजूनही फिरते, म्हणून इथे मुद्दाम लिहितो आहे.

व्होल्टेज कमी करण्याने नक्की काय होतं? १२० च्या जागी ८९ म्हणजे सुमारे ७४ टक्के. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती ५५ टक्क्यांच्या आसपास येते. कानाच्या हिशोबात हा फरक जेमतेम अडीच डेसिबल आहे. म्हणजे अ‍ॅम्प काही घरात वाजवण्याजोगा होत नाही, शेजारी तक्रार करणारच. फरक पडतो तो स्पर्शात. प्लेटचं व्होल्टेज खाली आल्याने व्हॉल्व्ह लवकर फाटतात, जोरात छेडलं की आवाज किंचित दबतो आणि मग फुलतो, आणि वरची कर्कश धार मऊ होते.

किंमतही आहे. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि ते दहा टक्क्यांच्या आत राखायचे असतात. ८९ व्होल्टवर हीटरला साधारण ४.७ च मिळतात. कॅथोड पुरेसा तापत नाही आणि व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात. बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा हे ठरवणारं व्होल्टेज, तोही घसरतो, तो नव्याने लावावा लागतो. आपल्या २३० व्होल्टला हे प्रमाण लावलं तर आकडा १७० च्या आसपास येतो, पण जुना मार्शल असेल तर हा प्रयोग करू नका असंच माझं स्पष्ट मत आहे. डिमरस्टॅट हा ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, तो घरातल्या मेन लाइनपासून वेगळेपणा देत नाही. आणि अ‍ॅम्पच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहतं. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अटेन्युएटर, म्हणजे शक्ती शोषून आवाज कमी करणारी पेटी, लावणं हा शहाणा मार्ग आहे.

मॉडेलर (अ‍ॅम्पची नक्कल करणारं यंत्र) किंवा सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना काम सोपं आहे. मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या १०० वॅट मार्शलचं मॉडेल निवडा, सॅग किंवा व्हेरिअ‍ॅकचं बटण असेल तर ७५ टक्क्यांवर आणा, कॅबिनेट चार गुणिले बारा इंची, स्पीकर २५ वॅटचे सेलेस्टियन. माइक एसएम-५७, स्पीकरच्या मधली टोपी जिथे कागदाला मिळते त्या जागी, जाळीपासून इंचभर. डिस्टॉर्शन तुम्हाला हवंसं वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा. तपासायची सोपी रीत : एक तीन सुरांचा कॉर्ड वाजवा आणि तिन्ही सूर वेगवेगळे ऐकू येतात का पाहा. येत नसतील तर गेन अजून खाली. अल्बमवरचा आवाज आठवणीत असतो त्यापेक्षा प्रत्यक्षात बराच स्वच्छ आहे, जाडी येते ती हाताच्या जोरातून.

पेडल मोजकीच. एमएक्सआर फेज ९० या आवाज फिरता करणाऱ्या पेडलला एकच बटण, ते घड्याळाच्या नऊ-दहाच्या जागी, म्हणजे संथ. सोलोच्या वेळी आवाज पुढे यावा एवढाच बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग. 'अ‍ॅटॉमिक पंक'च्या सुरुवातीला मात्र तो उघड्यावर येतो, तारांवर तळहात घासून केलेला तो खरखराट फेज ९० मधून गेल्यामुळेच फिरता वाटतो. शिवाय मेस्ट्रो एकोप्लेक्स हा टेपचा एको. 'इरप्शन'च्या शेवटी खोल खाली जाणारा, गुरगुरत विरणारा जो एको आहे तो युनिव्हॉक्सच्या ईसी-८० या टेप-एकोचा.

आता त्या डाव्या-उजव्या मांडणीकडे परत. एकच गिटार मधोमध ठेवली तर ती गायकाच्या आणि स्नेअरच्या अंगावर येते. नुसती डावीकडे टाकली तर उजवी बाजू उजाड. लँडीने कोरडी गिटार डावीकडे ठेवली आणि तिचा घुमारा उजवीकडे पाठवला. सनसेट साऊंड त्याच्या एको चेंबरसाठी, म्हणजे स्पीकर आणि माइक ठेवलेल्या खऱ्या खोलीसाठी, प्रसिद्धच आहे. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये हे असं करता येतं : गिटारचा ट्रॅक ७० ते १०० टक्के डावीकडे. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, वेगळ्या ऑक्झिलरी ट्रॅकवर, तो पूर्ण उजवीकडे, आणि त्यात कोरडा आवाज शून्य. चेंबर किंवा प्लेट निवडा, लांबी दीड ते दोन सेकंद, प्री-डिले २० ते ३० मिलिसेकंद. रिव्हर्बमधून २०० हर्ट्झच्या खालचं आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्टिरिओ रिव्हर्ब वापरणं. तो डावीकडेही पसरतो आणि कोरड्या गिटारची धार जाते. रिव्हर्ब मोनो हवा. शेवटी सगळं एकदा मोनोमध्ये ऐका. गिटार घुमाऱ्यात बुडत असेल तर रिव्हर्ब तीन डेसिबल खाली आणा.

बासने या मांडणीत मधली जागा सांभाळली आहे. 'रनिंग विथ द डेव्हिल'च्या सुरुवातीला मायकेल अँथनी एकच सूर सरळ ठोकत राहतो, आणि वर गिटार सुटे कॉर्ड टाकते. बास तिथे हलला असता तर गिटारच्या मागची मोकळी जागा दिसलीच नसती. त्या गाण्याआधी जो विचित्र, उतरत जाणारा भोंगा आहे तो गाड्यांच्या हॉर्नचा. हॉर्न एकत्र जोडून बँड ते क्लबमध्ये वाजवत असे. स्टुडिओत त्यांची टेप हळू चालवली.

सुरांची एक बारीक गोष्ट, जी मराठी वाचकाला चटकन समजेल. गिटार अर्धा सूर खाली लावलेली आहे, आणि तीही अगदी ए = ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराच्या हिशोबाने नाही, त्यामुळे अल्बमसोबत वाजवताना ट्यूनरवर विसंबू नका, कानाने जुळवा. पण खरी खुबी बी तारेत आहे. एडी ती किंचित उतरवून ठेवत असे. डी, जी आणि बी या तीन तारांवर एकाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) बोट आडवं ठेवलं की अनुक्रमे प, सा आणि ग मिळतात, म्हणजे गांधार बी तारेवर येतो. गिटारच्या फ्रेटचा गांधार हार्मोनियमच्या गांधारासारखाच, तानपुऱ्यात आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. स्वच्छ आवाजात ते खपतं. डिस्टॉर्शनमध्ये खपत नाही, कारण फाटलेल्या आवाजात दोन सुरांच्या कंपनांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. सा २२० हर्ट्झ धरला तर फ्रेटचा गांधार २७७.१८, फरक ५७.१८, आणि हा सूर कशातच बसत नाही. शुद्ध गांधार २७५, फरक बरोबर ५५, म्हणजे दोन सप्तकं खालचा सा. कॉर्डखाली पाया आपोआप तयार होतो. एडीचे तीन सुरांचे कॉर्ड इतके भरीव का वाटतात याचं हे एक मोठं कारण आहे.

करून पाहायला, डिस्टॉर्शन लावून दुसऱ्या फ्रेटवर हा कॉर्ड धरा आणि बी तार हळूहळू उतरवा, आवाजातली थरथर मंदावत जाईल. पूर्ण थांबेपर्यंत उतरवू नका. तसं केलं तर मोकळा ई कॉर्ड आणि डी कॉर्ड बेसूर होतील, कारण त्यांत बी तारेवर अनुक्रमे पंचम आणि षड्ज येतात. सहा ते आठ सेंटवर थांबा.

'इरप्शन' फक्त १ मिनिट ४२ सेकंदांचं. अल्बमसाठी ते ठरलेलंच नव्हतं. एडी स्टुडिओत क्लबच्या कार्यक्रमाची तयारी म्हणून ते वाजवत होता, ते ऐकून टेप चालू केली गेली. सुरुवात ब्लूजच्या ओळींनी होते, मध्ये झपाट्याने पिक केलेला जो तुकडा आहे तो क्रॉयट्झरच्या व्हायोलिनच्या दुसऱ्या एत्यूदमधला, म्हणजे सरावाच्या रचनेतला, आणि शेवटी दोन्ही हातांचं टॅपिंग, म्हणजे बोटांनी तार फ्रेटवर ठोकून वाजवणं. टॅपिंग एडीने शोधलं नाही. जेनेसिसचा स्टीव्ह हॅकेट आधीपासून ते करत होता, आणि स्वतः एडीने लेड झेपेलिनच्या जिमी पेजच्या मोकळ्या तारेवरच्या पुल-ऑफमधून (बोट ओढून तार सोडण्यातून) कल्पना सुचल्याचं सांगितलं आहे. एडीने केलं ते असं की क्लृप्ती न ठेवता त्याची पूर्ण ओळ बांधली, पियानोवादक डाव्या-उजव्या हाताने आर्पेजिओ वाटून घेतो तशी.

सुरुवातीची पकड बी तारेवर : डाव्या हाताची तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर, करंगळी पाचव्यावर, उजवी तर्जनी नवव्यावर. उजव्या बोटाने नववा फ्रेट ठोका, बोट बाजूला ओढून सोडा म्हणजे दुसऱ्याचा सूर वाजेल, मग करंगळी पाचव्यावर ठोका. एका ठोक्यात हे तीन सूर, समान अंतराने. एडी पिक अंगठा आणि मधल्या बोटात धरत असे, त्यामुळे तर्जनी मोकळीच असायची. तर्जनीत पिक धरणाऱ्यांनी ते तळहातात दडपावं किंवा मधल्या बोटाने टॅप करावं.

बिघडतं ते तीन जागी. उजवं बोट सरळ वर उचललं तर दुसऱ्या फ्रेटचा सूर मेल्यासारखा येतो, ओढ बाजूलाच हवी. करंगळीचा ठोका उशिरा पडतो आणि तीन सुरांची लय लंगडी होते. म्हणून मेट्रोनोम ६० वर ठेवून आधी डिस्टॉर्शन बंद करून सराव करा, कारण डिस्टॉर्शन आवाज सपाट करतं आणि कमजोर सूर झाकून टाकतं. तिसरं, बाकीच्या तारा गुणगुणतात. जाड तारांवर उजव्या तळहाताची कड, जी तारेवर डाव्या तर्जनीचं टोक, आणि बारीक ई तारेवर त्याच बोटाचा सपाट भाग टेकलेला हवा.

गिटारबद्दल इतकं लिहिल्यावर न्यायाने सांगायला हवं की हा अल्बम रेडिओवर चालला तो गळ्यांमुळे. टेम्पलमन स्वतः 'हार्पर्स बिझार' या गोड सुरावटींच्या बँडमधून आलेला. 'जेमीज क्राइंग' आणि 'फील युअर लव्ह टुनाइट'मधले कोरस ऐका, मायकेल अँथनीचा उंच, स्वच्छ आवाज वर तरंगतो आणि सगळ्या गोंगाटाला गोडी देतो. 'आय एम द वन'सारख्या बेफाम शफलच्या मध्यावर वाद्यं थांबवून चौघांनी नुसतं गाणं, हे धाडस या बँडकडेच होतं. 'आइसक्रीम मॅन' शिकागोच्या जॉन ब्रिमचा ब्लूज, सुरुवातीला रॉथ स्वतः अकूस्टिक गिटार वाजवतो आणि मग बँड कोसळतो.

'यू रियली गॉट मी' हे किंक्सचं १९६४ चं गाणं पहिलं सिंगल म्हणून आलं आणि अमेरिकेत ३६ व्या क्रमांकावर पोचलं. अल्बम १९ व्या. पहिला दौरा जर्नीच्या आधी वाजवण्याचा, पुढे ब्लॅक सॅबथच्या आधी. १९९६ मध्ये अल्बमला अमेरिकेत एक कोटी प्रतींचं डायमंड प्रमाणपत्र मिळालं.

वाजवायला शिकायचं असेल तर 'इरप्शन'पासून सुरुवात करू नका. आधी 'एंट टॉकिंग बाऊट लव्ह'. एवढ्याच मालावर, ए मायनर, एफ आणि जी, उजव्या तळहाताची दाब किती आणि कुठे हे समजतं. घोडीवर तळहात जास्त पुढे आला की सूर मरतो, मागे गेला की सगळं एकमेकांत मिसळतं. मग 'जेमीज क्राइंग'चे तीन सुरांचे कॉर्ड, उतरवलेली बी तार ठेवून. मग 'यू रियली गॉट मी'. 'आय एम द वन' सगळ्यात शेवटी ठेवा. त्याचा शफल अ‍ॅलेक्सच्या पायांवर चालतो, म्हणून मेट्रोनोमऐवजी थेट रेकॉर्डिंगवर वाजवा, वेग ७० टक्क्यांवर आणून. गिटारचा आवाज डाव्या बाजूला आहेच. बॅलन्स उजवीकडे फिरवलात की कोरडी गिटार नाहीशी होते, आणि राहिलेल्या ड्रम-बासवर तुमची स्वतःची गिटार मोकळेपणाने वाजवता येते.